हातभर चुरा

त्याच्याइतका टापटिपीचा माणूस त्या खाणीवर दुसरा नव्हता, आणि त्या टापटिपीनंच घात केला. सगळे त्याला पेटीवाला म्हणत. तो डोंगर उजाड, पाण्याचा थेंब नाही, पण पोटात तांबं. ड्रिलनं भोक पाडलं की दगडाच्या लांब कांड्या वर येत. त्या खोलीच्या क्रमानं लाकडी पेट्यांत मांडायच्या, हे त्याचं काम, सव्वीस वर्षं. हिरवट डाग म्हणजे तांबं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण डोंगर जागोजागी तुटून सरकलेला. जिथं तुटला तिथं दगडाचा नुसता चुरा, आणि तांब्याचा पट्टा तिथंच संपून पलीकडे खाली कुठंतरी गेलेला. बोगदा कुठून न्यायचा, आधार कुठं जास्त द्यायचा, हे भूशास्त्रज्ञ बाई त्या पेट्या बघूनच ठरवत.

एका दुपारी त्याच्या हातून पेटी पडली. कांड्या शाबूत राहिल्या, पण हातभर चुरा जमिनीवर सांडला. आता तो कोण गोळा करत बसणार, तांबं तर त्यात नावालाही नाही! त्यानं सरळ झाडू मारला. मोकळी फट डोळ्यांना बरी दिसेना, म्हणून टाकाऊ ढिगातल्या दोन कांड्या घासून अशा चपखल बसवल्या की बाईंनी शाबासकी देऊन पेटीवर सही केली.

चार महिन्यांनी बोगदा डोंगरात त्या चुऱ्याच्याच जागी पोचला आणि छत खाली आलं. ढिगाऱ्यात सापडला पेटीवाल्याचा सख्खा धाकटा भाऊ, आधाराचे खांब ठोकणारा. चौकशी बसली. खांब कमी लावले, चूक त्याचीच, असं जो तो म्हणू लागला. मेलेला माणूस काय बोलणार? छत पडलं त्या जागेच्या खोलीचा आकडा कानावर आला तेव्हा पेटीवाल्यानं ती पेटी शोधून काढली, आकडा तोच.  चौथ्या दिवशी त्यानं भावजयीला सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही की भांडली नाही.

"हे तिथं जाऊन बोला, भाऊजी," ती म्हणाली. "माझ्या पोरींच्या बापाला नावं ठेवू देऊ नका."

तो गेला. पेटी उचलून चौकशीच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"इथं चुरा होता. मी झाडून टाकला. माझ्या भावाची चूक नाही."

ढिगातल्या दोन कांड्याही त्यानं बोट ठेवून दाखवल्या. पण दगड त्याच डोंगराचा, रंग तोच. साहेबांनी टेप लावून लांबी मोजली, इंचाचाही फरक नाही. बाई आपल्याच सहीकडे बघत राहिल्या. दुःखानं माणसाचं असं होतं, म्हणत साहेबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.

बाहेर बाकावर भावजय बसली होती. काय म्हणाले, तिनं विचारलं.

"पेटी छान लावलीय म्हणाले."