कच्चं खत

इब्राहिममामांनी नमस्काराला नमस्कार कधी केला नाही. आधी ते ट्रॉलीत डोकावायचे. दौंडच्या टोकाला कचऱ्याचा डेपो होता, तिथं ओला कचरा निवडून, कुजवून त्याचं खत करायचं काम त्यांच्याकडे. भाजीबाजारातून आलेल्या प्रत्येक ढिगात हात घालून बघायचे. "वरनं कोथिंबीर आन् आतनं ब्लेड! मला न्हाई शिकवायचं." हाताखालच्या गोपाळवरही त्यांची सारखी नजर. तो बिचारा मुकाट्यानं प्लास्टिक वेचत राहायचा.

खत तयार झालं की नाही, हे मामा लोखंडी सळईनं ठरवायचे. सळई ढिगात खुपसायची, चहा पिऊन होईस्तोवर ठेवायची, मग उपसून मुठीत धरायची. चटका बसला तर खत कच्चं. मग आमदार आला तरी पाटीभर मिळायचं नाही.

भांडगावात माझा एकरभर झेंडू होता, दसऱ्याच्या बाजारासाठी लावलेला. सगळं वर्ष त्याच्यावर. दोनदा डेपोवरून ट्रॅक्टर रिकामा आणला. "कच्चं हाय. मुळ्या भाजतील," मामा म्हणायचे. मला वाटलं, म्हातारा थापा मारतोय, माल दुसऱ्या कुणासाठी ठेवलाय. एका शुक्रवारी मामा नमाजला गेले, गोपाळ जेवायला घरी गेला, तेवढ्यात मी ट्रॉली भरली.

आठवड्यात झेंडूनं माना टाकल्या. पुढच्या खेपेला सळई खुपसताना ढीग उकरलेला बघून मामा एसटीनं थेट माझ्या शेतावर आले. संशय माझ्यावरच होता. बुंध्याजवळची माती बोटांनी उकरली आणि विचारलं, "कुणी दिलं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "गोपाळनं."

उलटा एक प्रश्न केला नाही त्यांनी! "मला वाटलंच व्हतं," एवढंच. मग दिवसभर माझ्या शेजारी वाकून एकेका रोपाभोवतीचं खत हातानं बाजूला केलं. निम्मा झेंडू वाचला.

गोपाळशी मात्र त्यांनी बोलणंच टाकलं. काही दिवसांनी तो कंटाळून पाटसला कारखान्यावर गेला. आज सांगू, उद्या सांगू करत मी वर्षं घालवली. लिहितानाही लाज वाटते.

मामा गेले तेव्हा गोपाळ पाटसहून आला. खांदा दिला, माती दिली आणि कब्रस्तानाबाहेर माझ्याजवळ येऊन बसला.

"दादा, तुमच्यावर मामांचा लई जीव," तो म्हणाला. "माझं काय चुकलं, ते कवा बोलले का हो तुमच्यापाशी?"

"न्हाई," मी म्हणालो.