सिएनातली खोली आणि माझं ‘इन्शाल्ला’

मस्कतकर मंडळी, मी ऑफिसातून अल् खुवैरला घरी आले आणि सरळ इथे ग्रुपवर लिहायला बसले.

रत्नागिरीच्या अम्मी-अब्बांना इटलीतलं सिएना दाखवायचंय. जुनं शहर, चढाचे रस्ते, लिफ्ट क्वचितच, त्यात अम्मीचे गुडघे दुखरे. खूप शोधून तळमजल्यावरची एक खोली मिळाली. जवळ हलाल जेवण मिळतं का, सूपमध्ये वाइन घालतात का, सगळं मालकिणीला विचारलं. बिचारीने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं.

शेवटी तिने विचारलं, "मग नक्की येताय ना?"

मी लिहिलं, "इन्शाल्ला."

उद्याबद्दल नुसतं ‘हो’ म्हणू नये, हे अब्बांनी लहानपणीच शिकवलंय. तिने पुन्हा विचारलं, "म्हणजे हो की नाही?" मी अर्थ समजावला: अल्लाची मर्जी असेल तर येऊ.

आज दुपारी तिचं उत्तर आलं. खोली दुसऱ्यांना दिली, कारण ते ‘हो’ म्हणाले. आता फक्त तिसऱ्या मजल्यावरची उरलीय. तिच्यावर रागावताही येत नाही.

अब्बांना फोन केला. ते म्हणाले, "अगो, ‘हो’ लिहायचंस आणि इन्शाल्ला मनात म्हणायचंस."

"मग हे आधी का नाही शिकवलंत?"

"मला कधी इटलीवाल्याने विचारलंय?"

मागून अम्मीचा आवाज आला, "तिसरा तर तिसरा. चढेन गो, इन्शाल्ला."

खोली घेऊ की नको? अम्मीचं हे ‘हो’ आहे की ‘नाही’, मला खरंच कळत नाहीये. तुम्हाला कळतंय का?