टेक्सासच्या वाळवंटातलं भूतान आणि आमांचं ‘नको’

मी भोरची. म्हणजे मुळात एका छोट्या डोंगरी संस्थानातलीच. आमच्या राजवाड्यात आता सिनेमांची शूटिंगं होतात आणि संस्थान म्हटलं की गावातले लोक फक्त जुन्या फोटोंकडे बोट दाखवतात. बाबा टेम्पो चालवतात, आई शिवणकाम करते. घरात पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे इतिहासाची आवड ही माझ्याकडे जरा चैनीसारखी आली. तरी डोंगरातली चिमुकली राज्यं मला शाळेपासून ओढ लावतात. सिक्कीम, लडाख, मुस्तांग, भूतान. मोठ्या शेजाऱ्यांच्या मध्ये बसून ही राज्यं टिकली कशी, आणि जी नाही टिकली त्यांच्या माणसांचं पुढे काय झालं?

म्हणून डॅलसजवळच्या अर्व्हिंगमध्ये माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये भूतानची सोनम राहायला आली, तेव्हा मी तिला पहिल्याच आठवड्यात प्रश्नांनी भंडावून सोडलं. तीन वर्षं झाली, अजून भंडावतेय.

या नोव्हेंबरमध्ये सोनमची आई भूतानमधल्या पारोहून आली होती. तिला सगळे ‘आमा’ म्हणतात, मीही. सोनमला इथल्या एका प्रयोगशाळेत कायमची नोकरी मिळत होती. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. आमांनी हो म्हटल्याशिवाय ती सही करणार नव्हती आणि आमा हो म्हणत नव्हत्या. त्यांना स्वतःची काळजी नव्हती. बहीण शेजारीच राहते, सफरचंदाची बाग आहे. त्यांचं एकच पालुपद होतं, “इथे तुला विचारतं कोण?” त्यातून त्या महिनाभरात वाळल्या होत्या. कुठे जेवायला नेलं तरी जेमतेम चार घास. सोनमला वाटे, अन्न रुचत नाही.

“आपण त्यांना एल पासोला नेऊ या,” मी म्हणाले. “तिथे तुमचं आख्खं भूतान आहे.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेक्सासच्या अगदी पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर, एल पासोचं विद्यापीठ भूतानी किल्ल्यांच्या घाटणीचं बांधलेलं आहे. शंभरेक वर्षांपूर्वी तिथल्या डीनच्या बायकोने एका मासिकात भूतानचे फोटो पाहिले आणि तिला वाटलं, डोंगर तर आपल्याकडेही असेच आहेत. नवऱ्याने ऐकलं. मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर नवऱ्याने ऐकलं.

शुक्रवारी सकाळी निघालो. अर्व्हिंगहून रस्ता सरळ पश्चिमेला, आधी आय-ट्वेंटी, मग आय-टेन. एका दिवसात होतो, पण ड्राइव्ह करणारी मी एकटीच, त्यामुळे आम्ही मध्ये व्हॅन हॉर्नला मुक्काम केला. छोटं गाव, मोटेल साधं, स्वच्छ, शंभर डॉलरच्या आत. एक सूचना: मिडलंड-ओडेसा सोडल्यावर गॅसची टाकी अर्धी झाली की भरून घ्या. पुढे मैलोन्‌मैल फक्त तेलाचे पंप मान हलवत उभे असतात.

आमा मागच्या सीटवर किरा नेसून, मांडीवर बटवा घेऊन बसल्या होत्या. किरा म्हणजे त्यांचं पायघोळ, खांद्याशी पिनांनी अडकवायचं वस्त्र. बटव्यात सुपारी, चुना आणि अर्व्हिंगच्या इंडियन ग्रोसरीतून घेतलेली विड्याची पानं. जेवणानंतर पान लावून द्यायची त्यांच्याकडेही रीत आहे हे मला तेव्हा कळलं. आमांचं हिंदी मालिका बघून आलेलं, त्यामुळे त्या साधं बोलल्या तरी वाटे, आता ढोल वाजणार. रस्त्यात आर्माडिलो नावाचा चिलखती पाठीचा प्राणी मेलेला दिसला तर म्हणाल्या, “ये तो अनर्थ हो गया, बहू.” मी कोणाचीच सून नाही हे त्यांना मान्य नव्हतं.

ॲबिलीनला नाश्त्याला थांबलो. वेट्रेसने पॅनकेक हवेत का विचारलं. आमांनी तोंडापुढे हात धरला, हळूच म्हणाल्या, “मेशु, मेशु,” म्हणजे नको, नको. वेट्रेसने छान हसून मेन्यू उचलला आणि गेली. आमा कॉफी पीत राहिल्या. पुढे एका विश्रांतीच्या जागी मी डबा उघडला. पोळ्या आणि मिरचीचा ठेचा. आमांनी पुन्हा हात धरला. मी आपल्या सवयीने म्हटलं, घ्या हो, थोडंसं. नको. अहो, एकच पोळी. त्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या आणि ठेच्याची डबी बोटाने पुसून स्वच्छ केली. सोनम बघतच राहिली. मी मनात म्हटलं, ठेचा जिंकला. खरं काय ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या संध्याकाळी सोनम इतिहास सांगत होती. एका लामाने खोऱ्याखोऱ्यांत झोंग बांधून ते राज्य एकत्र आणलं. झोंग म्हणजे किल्ला, पण अर्ध्यात मठ आणि अर्ध्यात कचेरी, आजही. आमच्या भोरजवळच्या रोहिडा किल्ल्यावर शेवाळलेले दगड आहेत, त्यांच्या किल्ल्यात अजून साहेब बसतो आणि लोक दाखल्यासाठी रांगा लावतात. पुढे राजाने स्वतःच मतदान घ्यायला लावलं, तर लोक कुरकुरले, राजा बरा आहे की. मी भारावून ऐकत होते. सोनमने मला थांबवलं. म्हणाली, याच राज्यातून नेपाळी बोलणाऱ्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली, त्यांतले कितीतरी आज इथे पेनसिल्व्हेनिया-ओहायोत राहतात, तेही लिही. म्हणून लिहितेय. आमा खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, त्यांच्या लहानपणीची एक मैत्रीण अशीच गेली. तिच्या घरी त्या किती वेळा जेवल्या होत्या.

शनिवारी एल पासो. घड्याळ एक तास मागे जातं, लक्षात ठेवा. आवाराच्या बाहेर गाडी लावून आमांनी बटव्याखालून एक विणलेला पट्टा काढला आणि खांद्यावर घेतला. झोंगमध्ये जाताना तो घ्यावाच लागतो. शॉर्ट्स घातलेली पोरं बरिटो खात शेजारून जात होती आणि आमा दरबारात निघाल्यासारख्या चालत होत्या.

आणि खरंच, काय दृश्य आहे. मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर, पुढे वर निमुळत्या होत गेलेल्या जाड भिंती, छपराखाली लाल विटांचा पट्टा, त्यात रंगीत वर्तुळं. इंजिनिअरिंगचा वर्ग, पार्किंगची इमारत, सगळं त्याच घाटणीत. मधल्या चौकात भूतानी कारागिरांनी घडवलेलं खरंखुरं देऊळ आहे. वॉशिंग्टनच्या एका महोत्सवासाठी ते उभारलं होतं, मग भूतानने भेट दिलं आणि सुटं करून इथे आणून पुन्हा जोडलं. आत जायचं असेल तर वेबसाइटवर दिवस बघून या, रोज उघडं नसतं. आम्ही बघून आलो होतो.

आमांनी देवळाला उजवीकडून फेऱ्या घातल्या. आतल्या चित्रांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर सोनमने विचारलं, आवडलं ना?

“भिंती छान आहेत,” आमा म्हणाल्या. मग चारी बाजूंनी बघून, “कुत्री कुठायत?”

झोंगच्या अंगणात कुत्री झोपलेली असतातच म्हणे. कुत्र्यांशिवाय झोंग म्हणजे लग्न आहे आणि वऱ्हाड नाही. मी हसले, पण सोनमचा चेहरा उतरला. सहाशे मैल येऊन भिंती छान आहेत.

जेवायला विद्यापीठापासून जवळच एका छोट्या मेक्सिकन खानावळीत गेलो. मालकीण साठीच्या, नाव लुपे, सगळ्यांना ‘मिहा’ म्हणजे ‘पोरी’ म्हणणाऱ्या. त्यांच्या भाचीने आमांना विचारलं, काय आणू? आमांचा हात तोंडापुढे. भाचीने मान डोलावली आणि आमच्या दोघींचीच ऑर्डर घेऊन गेली.

लुपेबाईंनी गल्ल्यावरून ते पाहिलं. स्वतः एक वाडगा घेऊन आल्या. वितळलेलं चीज आणि त्यात हिरव्या मिरच्यांच्या लांब फोडी. आमांपुढे ठेवला. आमांचा हात वर. लुपेबाईंनी वाडगा आणखी पुढे सरकवला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलल्या. आमा झोंखात, म्हणजे त्यांच्या भूतानी भाषेत, काहीतरी बोलल्या. लुपेबाईंनी चक्क टॉर्टिया, म्हणजे त्यांची पोळी, तोडून, त्यात मिरची घेऊन, आमांच्या हातात दिला.

आमांनी खाल्लं. थांबल्या. सोनमकडे बघून म्हणाल्या, “अगं, हे एमा दात्शी आहे.”

एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. भूतानात मिरची मसाला नसते, भाजी असते. वाडगा रिकामा झाला, दुसरा आला. तोही त्यांनी दोनदा नको म्हणून मगच घेतला.

मग हात पुसता पुसता त्या मला हिंदीत सांगू लागल्या, जणू सोनम तिथे नाहीच. “आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही. हावरट वाटू नये. विचारणाऱ्याला ते ठाऊक असतं. इथे महिनाभर मी नको म्हणतेय आणि लोक थँक यू म्हणून ताट उचलतात. सोनमच्या साहेबांच्या घरी मी उपाशी उठले. म्हटलं, जिथे पाहुण्याला दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही, तिथे माझी पोर तापाने पडली तर कोण विचारेल?”

सोनम पाच वर्षं इथे राहून आता पहिल्याच फटक्यात ‘येस प्लीज’ म्हणते. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला यायला हवं होतं. माझ्या पहिल्या सेमिस्टरला प्रोफेसरबाईंच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणात, मी “नो थँक्स” म्हणून आग्रहाची वाट बघत बसले होते आणि घरी येऊन मॅगी खाल्ली होती.

“तू मात्र विचारलंस,” आमा मला म्हणाल्या. “डब्याच्या वेळी. तीनदा.”

“आमच्यात तीनदा नाही विचारलं तर लोक वर्षभर नावं ठेवतात,” मी म्हटलं.

आमांनी बटवा उघडला, पान लावलं आणि आधी लुपेबाईंना दिलं. त्यांनी नको म्हटलं. आमांनी पुन्हा पुढे केलं. लुपेबाईंनी चावलं, डोळे मोठे केले आणि गिळून टाकलं, गिळायचं नसतं तरी. मग आमा सोनमकडे वळल्या. “नोकरी घे. पण दर रविवारी हिच्याकडे जेवायचं, नाहीतर हिने तुझ्याकडे. हिला सोडून दुसऱ्या गावात राहायला जायचं नाही.”

सोनम हातातला टॉर्टिया घेऊन रडायला लागली. लुपेबाईंना वाटलं मिरची लागली, त्यांनी दूध आणलं. तिने ते पहिल्याच फटक्यात घेतलं.

परतीच्या रस्त्यात आमा सतत बोलत होत्या. बागेबद्दल, बहिणीच्या भांडखोर कोंबड्याबद्दल, सोनमसाठी कसा मुलगा हवा त्याबद्दल. सोमवारी सोनमने सही केली. डिसेंबरमध्ये आमा ठेच्याची बरणी घेऊन परत गेल्या.

मी एल पासोला गेले होते ते एक राज्य बघायला. भिंती मला अजून आठवतात, आणि तुम्ही जरूर जा, एवढं अंतर वाया जात नाही. पण आता वाटतं, राज्याचं जे उरतं ते भिंतींत असेलच असं नाही. भोरमध्येही संस्थान गेलं, पण आई अजून शेजारणीला दुसरी वाटी वाढल्याशिवाय उठू देत नाही. ऑफिसातल्या एका अमेरिकन मैत्रिणीवर मी हे करून पाहिलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती घाबरून म्हणाली, मला खरंच नकोय. बरं, तेही ठीक.

काल रविवार होता. मी सोनमकडे गेले तर लाल भात तयार होता. मी म्हटलं, नको, मी खाऊन आलेय. फोनवर पारोहून आमा बघत होत्या. सोनमने डाव खाली ठेवला नाही.

“घे गं, थोडंसं,” ती म्हणाली.