इंग्रजी शब्दांची सोयरीक

चार तालुका बातमीदार एसटी स्टँडवर भेटले की आजची बातमी कोणीच सांगत नाही. मागच्या बातमीच्या वेळी काय झालं, तेच सगळे सांगतात. असं वर्षानुवर्षं चाललं की माणसाकडे बातम्या कमी आणि गोष्टी जास्त साठतात. माझ्याकडच्या बऱ्याचशा गोष्टी आम्ही इंग्रजी शिकलो तेव्हाच्या आहेत.

शिकलो तेही हौसेनं नाही, संतापानं. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सिद्धगडाच्या बाजूच्या एका ठाकरवाडीचा साकव पावसात वाहून गेला. ओढ्यावरचा तो छोटा पूल गेला आणि वाडीतल्या पोरांची शाळाही बुडाली. मराठीत मी बातमी दिली, पुन्हा दिली, मग चिडून मथळा वाढवून दिली. काही हललं नाही. नंतर कळलं की जिल्ह्याला आलेले नवे मोठे साहेब बाहेरच्या राज्यातले आहेत आणि सकाळी फक्त इंग्रजी पेपर वाचतात.

मग इंग्रजीत लिहू! बी.ए. झालो होतो, घाबरतो कोणाला?

*

फर्डे माझा मुरबाडचा जोडीदार. बातम्या देणं आणि एसटीडी बूथ चालवणं असे दोन्ही धंदे करायचा. त्याच्याच बूथवरून आम्ही मुंबईच्या एका इंग्रजी पेपरला बातमी फॅक्स केली. डेस्कवरच्या बाईंचा फोन आला. हसत होत्या. म्हणाल्या, तुम्ही 'स्ट्राँग रेन' लिहिलंय. रेन स्ट्राँग नसतो, हेवी असतो. स्ट्राँग चहा असतो.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही एकदा आमच्या घाटाखाली वैशाखऱ्याला येऊन भिजा. मग ठरवा स्ट्राँग आहे की नाही."

त्यांनी फोन ठेवला. बातमीही ठेवून दिली.

*

तेव्हा आम्ही वेखंडे सरांना शरण गेलो. सर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि किन्हवलीला राहायचे. मला शहापुरातून आणि फर्डेला मुरबाडहून सारखंच अंतर पडायचं. दर रविवारी त्यांच्या ओटीवर शाळेतली मुलं बसायची आणि त्यांच्यामागे आम्ही दोन घोडे.

सरांची पद्धत एकच होती. म्हणायचे, इंग्रजी शब्दांची सोयरीक आधीच ठरलेली असते. मिस्टेकचं मेकशी जमलंय, होमवर्कचं डूशी जमलंय. आपण पाहुणे. जेवायचं आणि निघायचं, नवी स्थळं सुचवायची नाहीत.

मला हे पटेना. मी विचारलं, पण का? कोणत्या नियमानं?

सर म्हणाले, "मराठीत माणूस मार खातो, शिव्या खातो, हवा खातो, भाव खातो. विचारलंस कधी, का खातो म्हणून?"

त्या दिवशी थोडी बोलणी मीही खाल्ली.

*

एका रविवारी सरांनी मुलांना विचारलं, हेवीबरोबर काय काय चालतं? कोणी रेन म्हणालं, कोणी ट्रॅफिक, कोणी लगेज. मागची एक मुलगी म्हणाली, "हेवी डिपॉझिट."

सर अडखळले. म्हणाले, बाळ, असं माझ्या पुस्तकात नाही.

"पुस्तकात नसंल सर. बदलापूरला हाय. माझ्या मामानं भाड्याच्या खोलीला भरलंय."

सरांनी पाठ फिरवली आणि फळ्यावर डिपॉझिट लिहिलं.

*

फर्डेचा उत्साह फार. त्यानं इंग्रजी पेपरातून जोड्या पाठ करायला घेतल्या. ब्रूटल मर्डर, डेअरिंग रॉबरी, अनटायमली डेथ. पाठ केलेलं वापरायचं कुठे? मुरबाडकडचे एक म्हातारे पाटील वारले. नव्वदी कधीच ओलांडलेली, पणतवंडांची लग्नं लावून झालेली. फर्डेनं शोकसभेचा फलक लिहिला आणि त्यावर ठोकून दिलं, अनटायमली डेथ!

मी त्याला म्हटलं, अरे, अकाली कसे? आणखी किती थांबायला हवं होतं त्यांनी?

तेवढ्यात पाटलांचा थोरला मुलगा आला आणि फलकावरच्या त्या शब्दांचा अर्थ विचारू लागला. फर्डेनं चाचरत सांगितलं, की वेळ नसताना गेले.

मुलानं मान हलवली. "बरोबर लिवलंय. ऐन लावणीत गेले. खांद्याला मानसं मिळत नव्हती."

*

पावसाळा अर्धा सरला तेव्हा मी साकवाची बातमी पुन्हा लिहिली. सरांनी एकेक जोडी तपासली. कुठेही बेजोड लग्न उरलं नाही. फॅक्स गेला, बाईंचा फोन आला. इंग्रजी सुंदर आहे म्हणाल्या. पण ब्रिज कोलॅप्सबरोबर डेथ टोल लागतो. किती गेले?

मी सांगितलं, कोणी गेलं नाही. पोरं शाळेत जात नाहीयेत, एवढंच.

मग आतल्या पानावर बघू, म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. इतके रविवार मी सगळ्या सोयरिकी निमूट मान्य केल्या होत्या. ही नाही. "मॅडम, ही जोडी जुळण्याची वाट बघत बसू का? अजून पाऊस आहे. जुळेलसुद्धा."

फर्डेनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि मऊ आवाजात सांगितलं की पोरं ट्रकच्या ट्यूबवर बसून ओढा ओलांडतात, त्याचा फोटो आहे आणि फोटो घेऊन माणूस आत्ताच निघतोय. तो माणूस म्हणजे तोच. बूथला कुलूप लावून गेला.

फोटो पहिल्या पानावर आला, हा एवढा मोठा. खाली माझी बातमी दीड ओळ. वेखंडे सरांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "हेवी रेन ठेवलाय. बाकी सगळी वऱ्हाडं परत पाठवली."

*

आणि साहेब आले! तेही भर पावसात. रस्ता संपला तिथे जीप थांबली. वाडीतली माणसं ओढ्यापाशी जमली होती. सरही हट्टानं आमच्याबरोबर आले होते.

साहेब माणूस सरळ होता. मराठी नव्यानं शिकत होता, पण शिकला होता कचेरीतल्या कागदांवरून. हात जोडून, एकेक शब्द जपून उच्चारत ते म्हणाले, "आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल."

पुढे हौसाबाई उभी होती. तिचा नातू त्या फोटोतल्या ट्यूबवर होता. तिनं फर्डेला विचारलं, "काय बोल्ला रे?"

फर्डे म्हणाला, "'नाय' बोल्ले."

साहेबांना तेवढं समजलं. चेहरा उतरला. म्हणाले, "मी नाही म्हटलेले नाही."

हौसाबाई म्हणाली, "आधीचे साहेब पन ह्याच बोलत. पक्का पूल नाय झाला."

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. वेखंडे सर शिक्षक आहेत, हे त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी सरांनाच विचारलं, "मग 'होय' असेल, तर कसे म्हणायचे?"

सर चष्मा पुसायला लागले. सोबत आलेला इंजिनिअर ओढ्याकडे बघत राहिला. मी इतकी वर्षं सरकारी निवेदनं छापली, पण 'होय' सांगणारं एकही वाक्य मला आठवेना. फर्डेलाही नाही. ज्याच्या त्याच्या डोक्यात शोधाशोध चालली होती आणि पाऊस पडत होता.

मग साहेबांनी खाली बसून बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि ते पाण्यात उतरले. इंजिनिअर मागून "सर, सर" करत राहिला. पलीकडे जाऊन ते परत आले तेव्हा छातीपर्यंत भिजले होते आणि एक मोजा वाहून गेला होता. कोणाशी एक शब्दही न बोलता ते जीपमध्ये बसले. जीप गेली.

हौसाबाईनं डोक्यावरचं इरलं सारखं केलं.

"आज कायच बोल्ला नाय," ती म्हणाली. "मंग पूल व्हनार."