जिवंत माणसांचा पंचनामा

"सगळे जिवंत आहेत ना? मग बसा. वेळ आहे."

आमच्या वकीलबाई प्रत्येक अशिलाचं असं स्वागत करत. घाबरून आलेला माणूस आणखी घाबरे. भिवंडीच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल. बाई उभ्याउभ्या मजकूर सांगत आणि माझी बोटं अडखळली की जामीन फेटाळल्यासारखं बघत. तुम्हीही असे वकील पाहिले असतील. आम्ही त्यांना टरकूनच असायचो.

एका पावसाळ्यात तालुक्यातल्या टेकडीवर, आदिवासी पाड्याच्या मागेच जमिनीला भेग पडली. लोकांना हलवा म्हणून बाईंनी अर्ज दिला. कचेरीतले साहेब म्हणाले, "मॅडम, काही घडलं तर लगेच पंचनामा करू."

बाई भडकल्या. "घटनेत जगण्याचा हक्क लिहिलाय आणि हे मरायची वाट बघतायत! लावा कागद. पंचनामा आपणच करू. आधीच."

असला कागद मी जन्मात टाइप केला नव्हता. वर 'पंचनामा', मग भेगेची लांबी-रुंदी, मग घरोघरची नावं आणि प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरात 'आज जिवंत'. पंच म्हणून पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याचा अंगठा घेतला, तर तो विचारतो, "पन मेला कोन?"

"अजून कोणी नाही, बाबा. म्हणून तर घाई."

साहेबांनी मथळा वाचला, नावांची रांग पाहिली आणि पुढे वाचायचा धीरच केला नाही. स्ट्रेचर घेऊन धापा टाकत टेकडी चढले. यादीतल्या पहिल्या बाईने त्यांना पाणी दिलं. दुसरीने विचारलं, "साहेब, कोनाला काय झाला?"

साहेब रागाने मागे वळले आणि गुडघ्यापर्यंत भेगेत गेले. लोकांनी ओढून काढलं. एक बूट आतच राहिला. त्याच संध्याकाळी अख्खा पाडा खालच्या शाळेत हलवला.

आठवड्याने टेकडी रिकाम्या घरांवर कोसळली. सरकारी अहवालात एक ओळ होती : 'जीवितहानी : निरंक.' बाईंनी ती मला तीनदा मोठ्याने वाचायला लावली. तिसऱ्यांदा त्या चक्क रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "आता घरांचा अर्ज. लावा कागद."

यंदा बाई गेल्या. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. अंत्ययात्रा धामणकर नाक्यावर आली तेव्हा मागे माणसंच माणसं : काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. अडकलेला रिक्षावाला वैतागला, "अरे, इतने लोग कहाँ से आ गए?"

"टेकडीवरून," मी म्हटलं. "सगळेच्या सगळे."