नऊशे पांढऱ्या पेशी

मशीनमधून कागद बाहेर आला तो मी चष्मा पुसून परत वाचला. पांढऱ्या पेशी नऊशे. तुमच्या-माझ्या रक्तात त्या चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत असतात. नऊशे? अहो, ही बाई तासाभरापूर्वी माझ्यासमोर हसत बसली होती!

बंगळूरच्या जयनगरमधल्या या लॅबमध्ये मी काचा धुवायला लागले होते. बघत बघत मायक्रोस्कोपवर बसले, ती आजतागायत. डिप्लोमा नाही, पण मशीन चुकतं तेव्हा कसं चुकतं ते मला ठाऊक आहे. ट्यूबमध्ये रक्ताची गाठ झाली की पेशी तिच्यात अडकतात आणि आकडा पडतो. काडी फिरवून बघितली. गाठ नाही. परत लावलं. साडेआठशे. हिमोग्लोबिन मात्र ठीक, प्लेटलेट्सही ठीक. सॅम्पल खराब असतं तर तेही पडले असते ना?

मग रक्ताचा थेंब काचेवर पसरला, रंग दिला. याला स्मिअर म्हणतात. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात, अंगात शिरलेले जंतू त्याच गिळतात. शंभरात निम्म्याहून जास्त त्याच दिसायला हव्यात. मी काच सरकवत गेले, सरकवत गेले. एकही नाही. इतक्या वर्षांत असं रिकामं रक्त मी बघितलं नव्हतं.

आमच्या डॉक्टर मॅडमना हाक मारली. रिपोर्टवर सही त्यांची असते.

"सुमनक्का, ट्यूब बदलली नाही ना?"

"मीच रक्त काढलं, मॅडम. नाव पण मीच लिहिलं."

त्या उभ्यानेच मायक्रोस्कोपवर वाकल्या आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. मग म्हणाल्या, "हे एखाद्या औषधानं झालं असणार. फॉर्म आणा. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

फॉर्मवर 'काही नाही'. अक्षर माझंच. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी विचारलंच नव्हतं! ही बाई, सरोजा, माझ्यासारखीच निपाणीची निघाली. दिवसभर कन्नड-हिंदी बोलून जीभ दमलेली, त्यात आपल्याकडचं माणूस भेटलं. कुठली गल्ली, कुणाची सून, बाजार अजून तिथंच भरतो का, आमचं सुरू झालं. ताप आहे, घसा इतका दुखतो की भात गिळवत नाही, दुपारच्या गाडीनं पुतणीच्या लग्नाला निघालोय, एवढं तिनं आपणहून सांगितलं. बाकीचे रकाने माझ्या हातानं बोलता बोलता भरून टाकले.

फोन स्पीकरवर टाकून लावला. तिच्या नवऱ्यानं उचलला.

"अक्का, आम्ही यशवंतपूर स्टेशनला पोचलो. गाडी यायला स्वल्प वेळ आहे."

"अण्णा, सरोजा रोज कुठल्या गोळ्या घेते?"

"कुठल्याच नाही."

मागून तिचा बसलेला आवाज आला, "थायरॉइडची सांगा की हो!"

"हां, ती एक. दोन महिने झाले."

"पाकिटावरचं नाव वाचा."

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. "कार्बि... कार्बिमाझोल."

मॅडमनी फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. थायरॉइड जास्त झाला की ही गोळी देतात. चांगली गोळी आहे. पण फार थोड्या लोकांत ती पांढऱ्या पेशी संपवून टाकते. म्हणून ही गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखला, की ती थांबवून तडक रक्त तपासायचं. हे या नवरा-बायकोला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं, कोण जाणे.

"गोळी बंद. आत्ता हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, परवा येतोच की आम्ही. ताप पण उतरलाय."

मला राहवलं नाही. मी फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, "अण्णा, तिच्या अंगात जंतूंशी लढायला काही उरलेलं नाही! परवा तिला परत आणाल की नाही, मला सांगता येत नाही!"

पलीकडे गाडीची कन्नड घोषणा चालली होती.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "कुठल्या हॉस्पिटलला जाऊ?"

संध्याकाळी तिला एकशे चार ताप चढला आणि बीपी खाली गेलं. त्या वेळी गाडी अर्ध्या वाटेवर, दावणगेरेच्या आसपास असती. वेगळ्या खोलीत ठेवलं, सलाईनमधून अँटिबायोटिक, पेशी वाढवायची इंजेक्शनं. आठवडाभर आकडा हलला नाही. मग एकदम चढला. अकराव्या दिवशी ती घरी आली.

पुढं तपासणीला आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "अक्का, तुमच्यापायी लग्न बुडालं माझं. जेवणाचे फोटो बघून पोट भरलं."

मी तिला खरं सांगून टाकलं. "सरोजा, त्या दिवशी गोळ्यांचं मी विचारलंच नव्हतं गं."

"विचारलं असतंत तरी मी नाहीच म्हणाले असते," ती म्हणाली. "एवढीशी गोळी, ती काय सांगायची?"

हे ऐकून मी परत हादरले. आता मी विचारत बसत नाही, गोळ्यांची पिशवीच टेबलावर उलटी करायला लावते. निपाणीच्या माणसाला तर दोनदा. गप्पा रक्त काढून झाल्यावर.