कुत्रीचा उपवास

आमच्या गल्लीतल्या कुत्रीला मालक नव्हता, पण तिला खाऊ घालणारी घरं नऊ होती. अमरावतीतल्या बहुतेक गल्ल्यांत असंच असतं. प्रत्येक घरात तिला वेगळ्या नावाने हाक मारत आणि ती सगळ्यांना ओ द्यायची.

लोकांनी पोळी टाकली, की त्यांचं काम संपायचं. ती व्याली की पिल्लांचं काय, हे मात्र कोणाचंच काम नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात तिची पिल्लं समोरच्या काकांच्या गेटजवळच्या नालीत मेली. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनीच फावडं घेऊन ती पुरली. मग गल्लीत जाहीर केलं, "अजून एकदा व्याली तं ऑटोत टाकून वलगावच्या पुढे सोडून येतो. मले पुन्हा फावडं हातात घ्याचं नाई."

काका बोललेलं करतात. शिवाय ओळखीच्या जागेतून उचलून परक्या भागात सोडलेल्या कुत्र्याचं काय होतं, ते मी वलगाव रोडवर पाहिलेलं आहे. तिथली कुत्री नव्याला टिकू देत नाहीत.

शहराच्या कडेला भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं केंद्र आहे. मी तिथे गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या आणि मोजकं बोलत होत्या. त्यांनी सांगितलं, ती माजावर यायच्या आत आणा. आमचीच गाडी नेईल, ऑपरेशन होईल, रेबीजची लस टोचू, जखम भरेपर्यंत इथे ठेवू आणि जिथून उचलली तिथेच आणून सोडू. "तिथेच" हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मला तो फार आवडला. अट एकच, आदल्या संध्याकाळपासून पोट रिकामं हवं.

मी नऊही दारं फिरलो. माझी सवयच तशी आहे, एक काम सांगायचं तर नीट सांगायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "हाव जी, नाई देत काही."

सकाळी गाडी आली. जाळीची गरजच पडली नाही. एका माणसाने खाली बसून तिच्याशी दोन मिनिटं गप्पा मारल्या, मग अलगद पट्टा घातला आणि उचलून पिंजऱ्यात ठेवली. मी स्कूटरने मागोमाग गेलो.

केंद्रावर डॉक्टर बाईंनी तिच्या पोटाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात कुत्री ओकली. पोळीचे तुकडे, ज्वारीची भाकर, भात, शेव आणि गिलक्याची भजी. कोणत्या घरात काल काय रांधलं होतं, ते मला तिथेच कळलं.

"बेशुद्ध असताना हे वर आलं असतं, तर श्वासनळीत गेलं असतं," बाई म्हणाल्या. "आज करत नाही. पुढच्या आठवड्यात आणा. पण लवकर माजावर येईलसं दिसतंय." रागावल्या नाहीत. गाडीने तिला परत गल्लीत सोडलं, अगदी जिथून उचलली तिथेच.

मी पुन्हा नऊ दारं फिरलो.

"म्या तं अर्धीच पोळी देल्ली," पहिल्या घरी.

"उद्या उपाशी राहीन बिचारी, म्हणून आजच चारून ठेवलं," दुसऱ्या घरी.

माझ्या बायकोने खालमानेने सांगितलं, "मी फक्त दूध दिलं होतं. दूध थोडंच जेवण असतं?"

काका गेटवर उभे राहून ऐकत होते. "तुमच्यानं नाई होत भाऊ. वलगावच बरं."

तेव्हा काकू बाहेर आल्या. गल्लीत त्यांच्याइतके कडक उपवास कोणी करत नाही. चतुर्थीला चंद्र ढगाआड राहिला, तर त्या पाणी पिऊन झोपतात. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी चूप बसा. या भाऊनं डॉक्टरचं नाव सांगितलं, म्हणून कोणी ऐकलं नाई. मी पाह्यतो."

पुढच्या आठवड्यात, गाडी यायच्या आदल्या दुपारीच त्या दारोदार गेल्या. ऑपरेशनचा उल्लेख नाही, पोटाचा नाही. एवढंच म्हणाल्या, "आज संध्याकाळपासून कुत्रीचा उपास हाय. निर्जळी नाई, पाणी चालते. कोणी मोडला तं पाप त्याच्या माथी."

आणि संध्याकाळी तिला आपल्या अंगणात घेऊन गेट लावलं. गेटवर घराघरांतले लोक येऊन उभे राहू लागले, पण कोणाच्या हातात काही नव्हतं. एका बाईने फक्त विचारलं, "काकू, साबुदाणा चालते काय तिले?"

"नाई चालत. मीही नाई खाऊन राहिली आज तिच्यासंगं."

हे ऐकून विचारणारी परत गेली. डॉक्टरचा शब्द मोडायला आमच्या गल्लीला काही वाटलं नव्हतं. उपवास मोडायला मात्र कोणी धजलं नाही. मी इतकी वर्षं माहिती नीट देण्यावर विश्वास ठेवून आहे, आणि तो अजूनही आहे. पण माहिती कोणत्या दाराने आत जाते, ते काकूंना माझ्यापेक्षा बरं कळतं.

सकाळी डॉक्टर बाईंनी पोटाला हात लावून होकाराची मान हलवली आणि तिला आत घेतलं. नंतर मी एकदा जाऊन आलो. पिंजऱ्याखाली कोरडी पोती होती, पाणी ताजं होतं, आणि तिला गाडीत घालणारा तोच माणूस तिच्याशी गप्पा मारत बसला होता.

टाके सुकल्यावर गाडी आली आणि काकांच्या गेटसमोर थांबली. डाव्या कानाच्या टोकाला खाच घेऊन ती उतरली. नसबंदी झाल्याची ती खूण, पुन्हा कोणी धरू नये म्हणून. तिने नाली हुंगली, गेट हुंगलं आणि काकांच्या स्कूटरच्या सावलीत जाऊन पडली.

घराघरांतून हातात पोळ्या घेऊन माणसं निघाली. काकांनी गेटवरच सगळ्यांना अडवलं. आतून एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भांडं आणून खाली ठेवलं.

"यात टाका, अन् एकाच घरचं टाका. आज आमचं. उद्या कोणाचं, ते आता इथंच ठरवा." मग काकूंकडे वळून म्हणाले, "भात मऊ कर वं थोडा. पोटाले टाके हायेत तिच्या."